सारसाची शिदोरी

आमच्याकडे राहायला आलेली डेन्मार्कची पाहुणी रजा काढून, स्वतःच्या खर्चाने, पाखरांची घाण साफ करायला झाशीला आली आहे, हे वहिनीला पटवून द्यायला मला एक अख्खा चहा लागला.

"हिच्या देशात पाखरं नाहीत का?" वहिनीने विचारलं.

"आहेत."

"मग त्यांचं कोण करतं?"

"त्यांचं बरं चाललंय. जिथे बरं चाललेलं नाही तिथे ही जाते."

"आपल्या नळाला पाणी नीट येत नाही, त्याच्यासाठी नाही कुणी येत ते डेन्मार्कहून," वहिनी म्हणाली आणि पाहुणीच्या खोलीत दुसरी रजई ठेवायला गेली.

खंडेराव गेटजवळच्या आमच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने देतो. एरवी तिथे परीक्षेला बसणारी मुलं राहतात. ही पाहुणी माझ्याच वयाची, म्हणजे केस रंगवावेत की राहू द्यावेत या वयाची. तिकडे दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि दरवर्षी साठवलेली रजा घेऊन कुठल्यातरी देशात जनावरांच्या सेवेला जायची. एका देशात तिने वटवाघळांच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजलं होतं, दुसरीकडे कासवांच्या अंड्यांवर पहारा दिला होता. हे सगळं ती आपण बाजारातून कोथिंबीर आणल्याचं सांगावं तशा आवाजात सांगायची. मी तिच्या जागी असतो तर वटवाघळांवर तीन अंकी नाटक केलं असतं.

यंदा ती सारसासाठी आली होती. बरुआसागरच्या तलावाकडे, शेतांच्या मधोमध, जखमी पक्ष्यांचं एक लहानसं केंद्र आहे. तिथे पावसाळ्यात सारसाचं एक पिल्लू आणलं होतं. त्याचे आईबाप विजेच्या तारांना लागून मेले होते. पिल्लू तांबूस, ओल्या सुंभासारखं, आणि पाय मात्र एखाद्या मोठ्या पक्ष्याकडून उसने आणलेले.

त्याला वाढवायचा नियम एकच होता आणि तो सगळ्यांना पाठ करायला लावला होता. पिल्लाला माणूस दिसता कामा नये. माणसाचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये. आणि अन्न माणसाकडून मिळतं हे तर त्याला जन्मात कळता कामा नये. कळलं, तर मोठेपणी ते माणसांच्या मागे फिरणार, कुणीतरी त्याला दावणीला बांधणार नाहीतर कुत्री फाडणार. मग त्याला सोडता येत नाही.

"आदमी से दोस्ती हो गई तो समझो उम्रकैद," केंद्राचे डॉक्टर म्हणाले. "चिड़ियाघर, पिंजरा, और जिंदगी भर लोगों के हाथ ताकता रहेगा."

तर मग खाऊ कोण घालणार? सारस घालणार. म्हणजे सारसाचं सोंग घेतलेला माणूस. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झूल, चेहऱ्यापुढे जाळी, आणि उजव्या हातावर लांब बाही चढवून तिच्या टोकाला सारसाचं डोकं. हात म्हणजे मान. त्या चोचीने नाकतोडा उचलायचा आणि पिल्लापुढे ठेवायचा. पाहुणी एक सारस. दुसरा सारस म्हणून नेमलेला एक स्वयंसेवक डेंगू होऊन घरी गेला.

हे ऐकल्यावर मी काय केलं असेल हे मला ओळखणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. मी झाशीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत गेली कित्येक वर्षं नाटकात काम करतो. राजा केला आहे, दारुडा केला आहे, एकदा नायिका आजारी पडली तेव्हा नायिकाही केली आहे. झाशीत मराठी प्रेक्षक म्हणजे नातेवाईक, त्यामुळे टाळ्या पडतातच. हल्लीच्या मुलांना मराठी समजतं पण पूर्ण नाही, ती भलत्या जागी हसतात. तेही चालतं. पण सारस मला कुणी कधी दिला नव्हता.

डोकं वहिनीने केलं. ती दरवर्षी आमच्याच नव्हे तर ओळखीच्या सगळ्या घरांतल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवून देते, त्यामुळे कागदाचा लगदा आणि रंग घरात होतेच. सारसाचा लाल गळा तिने इतका सुंदर उतरवला की डॉक्टर थक्क झाले. डोळ्यांना मात्र तिने काजळ घातलं होतं. पाहुणीने ते हळूच, वहिनीच्या पाठीमागे, ओल्या कापसाने पुसलं.

रेल्वेच्या ऑफिसातली माझी शिल्लक रजा मी सारस होण्यात घालवली. सकाळी तलावाच्या काठी चिखलात वाकायचं, चालायचं, चोच पाण्यात बुडवायची, पिल्लू मागे मागे. सारसात नर आणि मादी पिल्लाचं सारखंच करतात, त्यामुळे आमच्यात आई कोण आणि बाप कोण हा वाद नव्हता. वाद घालायची सोयच नव्हती, कारण बोलायला बंदी. मी आणि एक डॅनिश बाई तासन् तास एकमेकांसमोर वाकून, एक अक्षर न बोलता, एका मुलाला वाढवत होतो. लग्न झालेल्या लोकांना हे रोजचंच असतं म्हणतात. मी अविवाहित आहे, मला नवलाई होती.

थंडी पडेपर्यंत पिल्लू माझ्या खांद्यापर्यंत आलं आणि उडायला लागलं. त्याच सुमारास तलावाच्या उथळ बाजूला रानातले सारस जमतात. पिल्लू जाळीच्या आवारातून त्यांच्याकडे बघत उभं राहायचं. डॉक्टरांनी त्याच्या पायात ओळखीचं कडं घातलं आणि म्हणाले, आता सोडू.

सोडायच्या दिवशी वहिनीला यायचं होतं. तिने डोकं केलं होतं, तिला नाही कसं म्हणणार. बेत असा होता की डॉक्टर आणि पाहुणी सोंग घालून पलीकडच्या फाटकातून पिल्लाला तलावाकडे नेतील. मला साध्या कपड्यांत वहिनीबरोबर जीपमध्ये बसायला सांगितलं होतं. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या.

"मी जरा आलेच," वहिनी म्हणाली आणि उतरली. ज्या कारणासाठी बायका शेतात जरा येते म्हणून उतरतात त्याच कारणासाठी असेल असं मला वाटलं, म्हणून मी मान वळवली.

मान परत वळवली तेव्हा वहिनी बांधावरून सरळ सारसाकडे निघाली होती. हातात स्टीलचा डबा.

आमच्या घरातून कुणी जायला निघालं की त्याच्यासोबत दहीभात जातो. गणपती निघाला की त्याच्या बरोबर, महालक्ष्म्या निघाल्या की त्यांच्या, माझी बहीण सासरी निघाली की तिच्या. पाहुणी दोन दिवसांसाठी आग्र्याला गेली तेव्हाही डबा घेऊन गेली होती. शिदोरी दिल्याशिवाय वहिनीने आजवर कुणाला उंबरा ओलांडू दिलेला नाही. देव असो की भाडेकरू.

आता मी काय करावं? ओरडायला बंदी होती. माणसाचा आवाज पिल्लाच्या कानावर पडता कामा नये. मी जीपमधून उतरून दोन्ही हात वर करून हलवायला लागलो. नको, मागे फिरा, थांबा, हे सगळं मी हातांनी केलं, गणपतीतल्या प्रेक्षकांना शेवटच्या रांगेपर्यंत कळलं असतं. वहिनीने मागे वळून पाहिलं, मलाही हात केला आणि पुढे गेली.

पिल्लू फाटकाच्या तोंडाशी उभं होतं. त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने डबा उघडला, दहीभाताचा गोळा केला आणि पुढे धरला. पिल्लाने मान तिरपी केली, एकदा चोच लावली, मग सगळा गोळा उचलला. मग डब्यात चोच घातली. वहिनी बुटकी आहे. दोघं समोरासमोर उभी होती, जवळजवळ एका उंचीची, आणि मागे दोन मोठे राखाडी सारस पुतळ्यासारखे. जाळीमुळे त्यांचे चेहरे दिसत नव्हते. ते बरं झालं.

शेवटी पाहुणीने छोट्या भोंग्यावर सारसाची हाक लावली, पिल्लू धावलं, उडालं आणि लांब थव्याच्या कडेला जाऊन उतरलं.

"रिकाम्या पोटी कसं पाठवायचं?" वहिनी जीपमध्ये बसत म्हणाली.

पाहुणी रागावली नाही. ती संध्याकाळी माझ्याशी इंग्रजीत बोलली आणि मी ते वहिनीला मराठीत सांगायला लागलो.

"गोड करून सांगू नका, भावजी," वहिनी म्हणाली. "ती जे म्हणाली ते सांगा."

"ती म्हणाली, त्याला तुमचा हात कळला. आता ते प्रत्येक हाताकडे जाणार. एखाद्या हातात दोरी असेल."

बबीन्याहून कामावरून नुकताच आलेला दादा हातपाय धूत होता. तो म्हणाला, "एका घासाने काय होतंय."

एका घासाने झालं. त्याच आठवड्यात मटारच्या शेतात जेवायला बसलेल्या बायांच्या पंगतीत एक सारस येऊन उभा असल्याचा व्हिडिओ शहरभर फिरला. एक बाई त्याला पोळी दाखवते आहे, तो मान पुढे करतो आहे, मागे हसण्याचे आवाज. मला तो आमच्या ऑफिसातल्या लोकांनीच पाठवला, खाली लाल बदाम लावून. पायातलं कडं स्पष्ट दिसत होतं. आमचंच.

"सबको बड़ा प्यारा लग रहा है," डॉक्टर म्हणाले. "यही तो मुसीबत है. देखिए भाई साहब, आज रोटी वाले मिले हैं. थंडी संपेपर्यंत नाही सुधरला तर मला तो पकडून चिड़ियाघरला द्यावा लागेल. वरून विचारणा सुरू झाली आहे." डॉक्टर आमच्याशी बोलता बोलता अर्धे मराठीत येतात, त्यांच्या आजीचं माहेर ग्वाल्हेरचं.

उपाय पाहुणीला माहीत होता. माणसाची भीती घालायची. जे दिसलं की त्याला खाऊ आठवतो, तेच दिसलं की धडकी भरली पाहिजे.

म्हणजे खलनायक पाहिजे. मी पुढे झालो.

काळा सदरा घातला. बांधामागून दबा धरून आलो, पिल्लू बायांच्या पंगतीकडे निघालं तसा मधोमध उडी मारून प्रकट झालो. दोन्ही हात पसरले, गर्जना केली, जागच्या जागी नाचलो, हात खाली आपटले, पुन्हा वर नेले. पिल्लू थांबलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पंख पसरले, मान खाली नेली, वर नेली आणि माझ्यासमोर उडी मारली. मी आणखी जोरात उडी मारली. त्यानेही.

सारस नाचतात, हे मला माहीत होतं. आनंद झाला की नाचतात, जोडी जमली की नाचतात. समोरचा पंख पसरून उड्या मारायला लागला की साथ देतात.

मटारवाल्या बायांपैकी एक म्हणाली, "काय भैया, लरका के ब्याव में नाच रये का?" म्हणजे मी नवऱ्या मुलाचा बाप.

पाहुणी बांधावर बसली होती. ती इतकी हसली की तिला झोपावं लागलं. मग उठून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली की तुमच्याने होणार नाही, ज्या हाताने दिलं त्याच हाताने व्हायला पाहिजे.

वहिनीने साफ नाही म्हटलं. "पुढे केलेला घास काढून घ्यायचा? आणि वर मारायचं? तिला सांगा, हे मला सांगू नकोस. दुसरं काहीही सांग. शेण काढायला सांग."

पाहुणीने आग्रह केला नाही. तिने फोनमधला एक जुना फोटो शोधून वहिनीपुढे ठेवला. कुठल्याशा देशातल्या पिंजऱ्यातला एक करकोचा, गजांना चोच लावून उभा. मी मधे बोलायला तोंड उघडलं तर पाहुणीने मला थांबवलं आणि आपल्या हिंदीत स्वतःच सांगितलं, "भाबी, ये रोज ऐसा. आदमी आता, थैला खोलता, ये आता."

"खायला मिळतं?"

"कभी."

"किती वर्षं आहे असा?"

पाहुणीने खांदे उडवले. "बहुत. लंबा जीता."

वहिनीने फोटो बोटांनी मोठा केला. चोचीची टोकं गजांवर घासून बोथट झाली होती. तिने फोन उलटा करून ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली आलो तर ती दारात तयार उभी होती. तीच निळी साडी, तोच डबा. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि पळी.

पिल्लाने तिला लांबूनच ओळखलं. पंख अर्धे उघडून ते धावत आलं. वहिनीने त्याला जवळ येऊ दिलं, अगदी हातभर. डब्याचं झाकण काढलं. त्याने मान खाली घातली तशी तिने पळी झाकणावर आपटली, त्याच्या कानाशी, आणि तांब्यातलं पाणी तोंडावर फेकलं.

ते मागे सरलं. उभं राहून बघत राहिलं. मग पुन्हा पुढे आलं, या वेळी हळू, मान वाकवून, काहीतरी चुकलं असेल तर माफी मागितल्यासारखं. माणसांनाच असं वाटतं, पाहुणीने मला नंतर सांगितलं, पक्षी माफी मागत नाहीत. वहिनीने मातीचं ढेकूळ उचललं आणि त्याच्या पंखावर मारलं. ते लागल्याचा आवाज आला.

"जा," ती म्हणाली.

आमच्या घरात जाणाऱ्याला जा म्हणत नाहीत. ये म्हणतात. मी वहिनीच्या तोंडून तो शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही, वरच्या खोलीत भाडं बुडवून पळालेल्या मुलाबद्दलसुद्धा नाही. तिचा आवाज साधा होता, भाजीवाल्याला नको म्हणावं तसा. मी जे करून दाखवत होतो ते ती नुसतं करत होती.

एका सकाळीत काही झालं नाही. पुढच्या सकाळीही ते धावत आलं, पण थोडं अलीकडे थांबलं. वहिनी रोज जायला लागली. मटारवाल्या बायांनाही तिने कामाला लावलं. आपल्या बुंदेली-मराठी खिचडीत तिने त्यांना असं काही सुनावलं की त्या पोळी दाखवायच्या बंद झाल्या आणि थाळ्या वाजवायला लागल्या. दादाने एकदा चेष्टेने विचारलं, "आज किती मारलंस?" तर त्या रात्री त्याच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि त्याने ते मागितलंही नाही.

पाहुणीने दवाखान्याला कळवून रजा वाढवली होती, तीही संपली. पिल्लू अजून पुरतं सुटलं नव्हतं. थव्यात असायचं, पण डब्याचा आवाज झाला की मान वर व्हायची. झाशी स्टेशनवर गाडीची वाट बघताना पाहुणीने वहिनीचा हात धरून ठेवला होता. काही बोलायचं असतं तर मी मधे उभा होतोच, दोन्हीकडचं सांगायला. त्यांनी मला काही काम दिलं नाही. गाडी आली, ती चढली.

मग मी आणि वहिनी बसने जायला लागलो. ऑफिसात माझी रजा उरली नव्हती, म्हणून रविवारी मी, बाकीचे दिवस ती एकटी.

होळीच्या थोडं अलीकडे एका रविवारी आम्ही बसमधून उतरून बांधावर चढलो. सारस तलावाच्या पलीकडच्या अंगाला चरत होते, बरेच लांब. वहिनीने डबा पिशवीतून काढलाही नव्हता. ती नुसती बांधावर उभी राहिली, निळ्या साडीत, आणि थव्याच्या टोकाचा एक सारस ताठ झाला. त्याने ओरडून इशारा दिला. आधी तो उडाला, मग बाकीचे सगळे, पाणी तुडवत, एकामागून एक. ते आमच्या डोक्यावरून न जाता मुद्दाम वळसा घालून गेले आणि लांबच्या शेतात उतरले.

डॉक्टर दुर्बीण लावून बघत होते. "वही था," ते म्हणाले. "कड़ा दिखा मुझे. भाभी जी, आप पास हो गईं."

"मला बघून उडाला?" वहिनीने विचारलं.

"आपको ही देखकर."

तिने डबा पिशवीच्या तळाशी सारला. मग पदर खोचून बांध उतरली. मी डेन्मार्कला लगेच मेसेज केला, सविस्तर, थव्याच्या वर्णनासकट, दोन-तीन ठिकाणी थोडी भरही घातली. उत्तर संध्याकाळी आलं. वर केलेला एक अंगठा.

"एवढंच?" वहिनी म्हणाली.

"ती कमी बोलते."

"चांगलं करते," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली.

आता ती त्या बाजूला मुद्दाम कधी जात नाही. उन्हाळ्यात एका लग्नाला आम्ही बरुआसागरला निघालो होतो. मधेच बस पंक्चर झाली. रस्त्याला लागूनच नांगरलेलं शेत होतं आणि त्यात काही सारस चालत होते, अगदी जवळ. सगळ्यांची डोकी लाल, एकसारखी. पाय ढेकळांत, त्यामुळे कडं कुणाच्या पायात आहे की नाही ते दिसत नव्हतं. लोक खाली उतरून फोनवर फोटो काढायला लागले. मी म्हटलं, वहिनी, बघा तरी, त्यातला एखादा आपला असेल.

वहिनी खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला सरकली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून बसली.

"मला ते दिसलं असतं तर त्यालाही मी दिसले असते," ती म्हणाली. "चरू दे."